बरणीतला मण्यार

बरणीचं झाकण पुसताना फॉर्मलिनचा वास नाकात गेला आणि माझा हात थांबला. सीमाभागातल्या, वांकिडीकडच्या आमच्या मराठी शाळेच्या जुन्या वस्तू जपायला आम्ही माजी विद्यार्थ्यांनी सातवीचा रिकामा वर्ग मागून घेतलाय. तिथल्याच कपाटात ही सापाची बरणी निघाली.

सातवीत असताना आदिलाबादहून साहेब तपासणीला आले होते. कापसाच्या ढिगात सापडलेला हा मण्यार त्यांना दाखवायला न्यायचं काम गुरुजींनी मला दिलं.

"काऊन भेतं वं पोरी? मेलेला हाय तो."

बरणी पोटाशी धरून मी पटांगण ओलांडू लागले. काच गार होती. पाऊल टाकलं की आत तो हळूच वळायचा आणि त्याचं तोंड माझ्या बोटांपाशी यायचं. झाकण सैल होतं. औषधाचं पाणी मनगटावर ओघळलं तशी बरणी टाकून पळावंसं वाटलं. पण बरणी पडली तर तो सुटेल, म्हणून सोडवतही नव्हती.

आज तो करंगळीएवढा बारीक दिसतो. मला हसू आलं.

तेवढ्यात माझी वर्गमैत्रीण शकू, जी आता इथलीच मुख्याध्यापिका आहे, पहिलीचं मराठी पुस्तक घेऊन आली.

"हे बी ठेव बरणीपाशी."

"अवं, हे तर यंदाचं हाय!"

"यंदा पहिलीत कोणीच आलं नाही."

कोऱ्या पुस्तकाला शाईचा वास येत होता. माझी बोटं गार पडली. ते पुस्तक पोटाशी घट्ट धरून मी तशीच उभी राहिले. खाली ठेवायचा धीर होईना.