चौकटीतली वाघीण

आमचं बातम्यांचं संकेतस्थळ फुलचूरमधल्या दोन खोल्यांतून चालतं. बातम्या मी पाहतो, तांत्रिक बाजू एक सहकारी पाहते. ‘ऐका’ हे बटण तिनेच तयार केलं. एकदा लिहिलेला छोटासा कंपोनंट, म्हणजे प्रोग्रॅमचा सुटा तुकडा. तो ज्या पानावर बसवावा तिथे बटण उमटतं, आणि दाबलं की फोनमधला मराठी आवाज ते पान वाचून दाखवतो. दर पानासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. एका पानावर तो जसा वागतो, तसाच सगळ्या पानांवर वागतो.

या बटणाची पहिली श्रोती माझी मोठी बहीण. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावात ती एकटी राहते. साखरेच्या आजाराने तिची नजर इतकी उतरली आहे की माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. बटणातल्या आवाजाला ती ‘तुही बाई’, म्हणजे तुझी बाई, म्हणायची.

सुरुवातीला आवाज पानावरचं सगळंच वाचत असे. एका निधनाच्या बातमीत मध्येच सिमेंटची जाहिरात आली. ताईचा लगेच फोन.

“काऊन रे, तुही बाई मयत सांगता सांगता सिमेट विकून राहिली? तिले जरा लाज सिकव.”

मग काय वाचायचं आणि काय गाळायचं, हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मुख्य मजकूर वाचायचा, चौकटी गाळायच्या. चौकटीत बहुधा जाहिरात असते, नाहीतर ‘हेही वाचा’.

दुसरा नियम जुना होता, छापील वर्तमानपत्रातून माझ्याबरोबर आलेला. प्रसिद्ध झालेली बातमी खोडायची नाही. काही बदललं तर तिच्या डोक्यावर चौकट टाकायची. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. एकाच पानावर ते कधी समोरासमोर आले नव्हते.

मोहाचे दिवस होते. तलावाच्या पाळीवरून जंगलात जाणारी वाट मोहफुलं वेचणाऱ्यांसाठी पुन्हा खुली झाल्याची बातमी दुपारी लावली. संध्याकाळी पर्यटकांना जंगलात फिरवणाऱ्या एका गाइडचा फोन आला. त्याच तलावाजवळ पिल्लांसह वाघीण दिसली होती आणि वाट पुन्हा बंद केली होती. वनविभागाकडून खात्री करून घेतली आणि बातमीवर लाल चौकट टाकली. ताईला वेगळा फोन केला नाही. सकाळी मोहफुलं वेचायला निघण्याआधी ती पान ऐकतेच.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता, काही कारण नसताना, मी त्या पानावरचं बटण दाबलं. वाट खुली झाली आहे, आवाज म्हणाला. वेचणाऱ्यांनी गटाने जावं, म्हणाला. बातमी संपली आणि तो थांबला. वाघीण आलीच नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“बटण चौकट वाचत नाही,” मी म्हणालो.

“चौकटी गाळायच्याच ठरल्या होत्या ना, सर?” असं म्हणत सहकारी माझ्या पडद्याशी आली. तिने लाल चौकट वाचली आणि लगेच कंपोनंटचा कोड उघडला.

मी ताईला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. ती तो जंगलात नेत नाही. मोहाखाली वाघाचं नाव घ्यायचं नाही, ‘तो’ म्हणायचं, अशी तिकडची रीत. बाई कधी काय बोलेल याचा नेम नाही, म्हणून फोन घरी फळीवर.

“ही बातमी आधी काढून टाक,” सहकाऱ्याला एवढं सांगून मी मोटरसायकल काढली.

वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या मी अनेक वर्षं लिहिल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी काय झालं, मग कुठे, मग नाव आणि कंसात वय. ‘मोहफुले वेचण्यासाठी गेलेली महिला’, इथून डोक्यात वाक्य सुरू झालं आणि थांबवता येईना. गाव भरलं गेलं. नाव भरलं गेलं. कंसात ताईचं वय आलं, तेव्हा चाक रस्ता सोडून मुरमात उतरलं. कसाबसा सावरलो. वाक्य सुरूच होतं.

घराला बाहेरून कडी होती. मी ती काढून आत गेलो. फळीवर फोन, त्यावर माझे चुकलेले कॉल, आणि त्यांच्याखाली आमचंच पान.

पाळीवरून मी चालत गेलो. पळायचं नाही, हे लहानपणापासून अंगात होतं. पाय मात्र ऐकत नव्हते. पहिल्या मोहाखाली पालापाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली होती. फुलं तशीच पडली होती. ताईची टोपली कलंडलेली होती. माणूस कुणी नाही. मी जमिनीवर रक्त शोधत होतो, हे मला थोड्या वेळाने कळलं.

तेवढ्यात चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागल्यावर ओरडतं तसं. मग दुसरं.

“हलू नोको.”

आवाज मागून आला. बंधाऱ्याच्या दगडाशी चार-पाच बाया पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. ताई मध्ये. तीच बोलली होती. मी सरकत सरकत त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. समोर तलावाकाठचं उंच गवत. ते एका ठिकाणी हलत होतं, आणि वारा नव्हता. ताईला गवत दिसत नव्हतं. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ती ऐकत होती. चितळ ओरडायचं थांबलं तेव्हा बाया एकदम, एकाच घोळक्याने, मागे मागे सरकू लागल्या. गाव येईपर्यंत कुणी पाठ फिरवली नाही.

घरी आल्यावर ताई पाणी प्यायली, मग तिने मला दिलं.

“तुह्या बाईनं तं वाट सुरू हाये म्हनलं.”

“वर चौकट होती, ताई. लाल.”

“लाल मले कोठी दिसते रे?”

मी पाणी संपवून भांडं खाली ठेवलं.

“अना तू इतल्या दुरून धावत आलास. रातीच फोन कराले का झालं होतं?”

तोवर सहकाऱ्याने कंपोनंट बदलून बातमी पुन्हा लावली होती: आधी चौकट, मग मजकूर. ताईने बटण दाबलं. ‘वाघीण’ हा शब्द ओसरीत मोठ्याने उमटला आणि तिने झटकन फोनवर तळहात ठेवला. नंतर हात काढला आणि पुढचं ऐकलं.

टोपली आणायला तिला बरेच दिवस जाता आलं नाही. आता मोहाच्या दिवसांत निघण्याआधी ती आधी बटण दाबते, मग मला फोन करते.

“बाईचं आयकलो. आता तू वाचून दाखव.”

मी पान उघडून चौकटीपासून वाचतो. कधी तिच्या फोनला उशीर होतो. मी तिचा नंबर लावतो, घंटी वाजत राहते, आणि डोक्यात ते बातमीचं वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू होतं.