चप्पल घातली की पसंत

फोन आला तेव्हा मी दुकानात देवणीच्या एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. लातूरला माझं साउंडचं दुकान आहे. लग्नाला, जयंतीला, सभेला लागणारे स्पीकर भाड्यानं देतो, जुनी वाद्यं आणि अँप्लिफायर दुरुस्त करून विकतो. घासाघीस न करता माझ्या दुकानातून कुणी काही नेलेलं नाही; मीच नेऊ देत नाही. त्या दिवशीही रंगात आलो होतो. तेवढ्यात नांदेडहून प्रज्ञाचा फोन. "अप्पाकाका... बाबा गेले." मिलिंदमास्तर सकाळी शाळेत पोरांना प्रार्थनेला उभं करताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मी फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला म्हणालो, "तुम्ही म्हणता त्या भावात घेऊन जा." तो बिचकला. वस्तूत काही खोट असणार असं वाटून तसाच निघून गेला. माझी नजर पुन्हा पुन्हा कपाटावरच्या एका डब्याकडे जात होती.

त्या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तर सांगता येत नाहीत. आणि ती सांगताना मला आजही राग येतो, हेही आधीच सांगतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असेल. पण मास्तरांवर मी ते असताना रागावलो होतो, तो राग त्यांनी उतरवायचा होता. तो तसाच ठेवून ते गेले.

मी अहमदपूरचा. डोक्यावर भोंगे वाहून या धंद्यात आलो. मास्तर हिमायतनगरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि भीमगीतांच्या एका पार्टीत बेस गिटार वाजवायचे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज ऐकू येण्याआधी छातीला कळतो. ते आधी ढोलकीवाले. पार्टीत दुसरा चांगला ढोलकीवाला आला, तेव्हा कुरकुर न करता कोपऱ्यात धूळ खात पडलेली बेस त्यांनी उचलली. त्यामुळे हात ढोलकीचाच राहिला. तार छेडायची म्हणजे थाप मारल्यासारखी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्पीकरच्या मागे वायरी जोडत होतो... हातातलं काम सोडून उभा राहिलो. इतकी वर्षं मी आवाज विकत आलो होतो. आवाजाला जमीन असते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची एक खोड होती. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साउंड लावून झाला, की गळ्यात बेस अडकवून ते स्टेजवरून खाली उतरायचे आणि वाजवत वाजवत रिकाम्या मैदानातून पार शेवटच्या टोकाला जायचे. त्यासाठी माझ्याकडून त्यांनी एक भलीमोठी लांब केबल बनवून घेतली होती. मी सांगितलं होतं, "मास्तर, एवढ्या लांब वायरीत आवाज मंद होतो." तर म्हणाले, "मागच्या माणसापर्यंत मंद होऊनच पोचतो की, अप्पा!" ते पुढे चालायचे आणि मी स्टेजच्या कडेला बसून हातानं केबल सोडत राहायचो, पतंगाचा मांजा सोडावा तशी. टोकाला गेले की चप्पल काढायचे. अनवाणी उभे राहून, डोळे मिटून वाजवायचे. इकडे स्टेजवर पार्टीच्या गायिका सुमनबाई गात असायच्या. शब्द कानात आणि बेस तळपायात, हे त्यांचं माप. "उलटं झालं की गाणं मेलं, अप्पा. आपल्या गाण्यात शब्द मोठा. मागं बसलेल्या म्हातारीला शब्द कळला न्हाई, तर आपण कामून आलो?" सगळं मनासारखं झालं की ते तिथंच चप्पल घालायचे. काही बोलायचे नाहीत, हात हलवायचे नाहीत. चप्पल घातली की पसंत. मग मी केबल गुंडाळायला लागायचो. भर उन्हात, तापलेल्या मातीवर तो माणूस असा उभा असायचा, आणि त्याला काय ऐकू येतंय ते मला इकडे बसून कधी ऐकू यायचं नाही. देवळात उभं राहिल्यावर वाटावं तसं मला त्यांच्याकडे बघताना वाटायचं. त्यांना हे सांगितलं असतं तर हसले असते.

मग त्यांच्या बेसचे पिकअप गेले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली, चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं असलेली पट्टी. वर तार थरथरली की ती थरथर विजेत बदलून पुढे स्पीकरकडे पाठवायचं काम ती करते. मास्तरांच्या पट्ट्या जुन्या होत्या, नुसत्या घूं घूं करायला लागल्या. मास्तर म्हणाले, "बघा काही मिळालं तर." मी थेट हैदराबाद गाठलं. दुकानदाराशी अशी झकाझकी केली की विचारू नका; दुकानातून उठून रस्ता ओलांडून गेलो, त्यानं हाका मारून परत आणलं. सगळ्यात जोरकस, सगळ्यात नावाजलेली जोडी घेतली. आणि जन्मात कुणाला काही फुकट न देणाऱ्या मी ती मास्तरांना फुकट दिली. नांदेडला कार्यक्रम होता, तिथं स्वतः सोल्डर करून बसवली.

मास्तर वाजवत निघाले. मी केबल सोडत बसलो. आवाज असा आला की मंडपाचे बांबू हलले. मी खूश! टोकाला गेले, चप्पल काढली, वाजवलं, थोडं डावीकडे सरकून वाजवलं... आणि चप्पल हातात घेऊन अनवाणीच परत आले. ढोलकीवाला, सुमनबाई, मंडळाचे कार्यकर्ते, सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, काढा हे."

"काढू? काय कमी हाय यांच्यात?"

"कमी न्हाई. जास्त हाय."

"आवाज जास्त झाला म्हणून रडणारा माणूस पयल्यांदा बघून राहिलो! बटन खाली करा की."

"बटन खाली करीन. हाताचं वजन कसं खाली करू? थापंची सवय हाय माझी. हे एवढे तेज हायत की सुमनबाईंचा शब्द दाबून टाकायलेत. वस्तू चांगली हाय, अप्पा. माझ्या हाताची न्हाई. ठेवून द्या."

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अप्पा, आज पयल्यांदा तुमचा माल वापस आला म्हणायचा!"

मी तिथल्या तिथं जोडी उपटली. मास्तरांनी माझ्या खोक्यातून कुठल्या तरी मोडक्या गिटारची मेंगळट जोडी काढली, जी मी भंगारात टाकणार होतो, आणि तीच बसवायला लावली. गेले वाजवत. चप्पल घातली. त्या संध्याकाळी त्यांनी जे वाजवलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा आला याचाही मला राग आला. एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. एवढंच माझं म्हणणं होतं, आजही आहे.

डबा मी कपाटावर ठेवला. गिऱ्हाइकं मागायची, मी दिला नाही. आमचं येणंजाणं चालूच राहिलं. मास्तर लातूरला आले की दुकानात चहा प्यायचे, एकदा वर डब्याकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत. मी वाट बघायचो. एक दिवस म्हणतील, अप्पा, काढा तो डबा, पुन्हा लावून बघू. नाहीच म्हणाले.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी प्रज्ञा बेस घेऊन दुकानात आली. जयंतीच्या कार्यक्रमात बाबांच्या जागी ती उभी राहणार होती. लहानपणापासून त्यांच्याकडूनच शिकलेली. पण बेस मुकी झाली होती. मी मीटर लावून बघितलं. मेंगळट जोडीतली बारीक तार आतून तुटली होती. "अप्पाकाका, बाबांचा आवाज पायजे. लोक तोच ऐकायला येतेत," ती म्हणाली. मी दिवसभर शोधून तसलीच जुनी, कमी ताकदीची जोडी मिळवली, बसवली, आणि तिला वाजवायला सांगितलं. आवाज असा आला की जणू भिंतीपलीकडून कुणी तरी बोलतंय. पुन्हा तपासलं. जोडणी बरोबर होती. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. दोन खोल्यांच्या घरात, शेजाऱ्यांची कुरबूर होऊ नये म्हणून आवाज बारीक ठेवून शिकलेली पोर. बोट तारेला नुसतं शिवत होतं, मोरपीस फिरवावं तसं.

तिनंच वर बोट केलं. "तो डबा लावून बघू ना."

"तुला काय म्हाईत त्या डब्याचं?"

"बाबा म्हणायचे. अप्पाच्या कपाटावर एक भारी वस्तू बसून राहिली हाय. हलक्या हाताच्या माणसाची वाट बघायली."

"मग मला कामून न्हाई सांगितलं कधी?"

"तुम्ही भांडता म्हणून."

भांडलोच असतो. डबा खाली काढला, फडक्यानं पुसला, आणि जोडी बसवली. पण दुकानात काही वाजवू दिलं नाही. चार भिंतींत माप लागत नाही, हे मला त्यांच्यामुळेच कळलेलं.

नांदेडला त्याच मैदानात दुपारी साउंड लावला. सुमनबाई माइकसमोर उभ्या राहिल्या, आता थकल्यात, खुर्चीला धरून. प्रज्ञानं गळ्यात बेस अडकवली. मी मास्तरांची लांब केबल उघडली. तिच्यावर ठिकठिकाणी मीच गुंडाळलेली चिकटपट्टी होती. पोर वाजवत निघाली. मी केबल सोडत राहिलो. हैदराबादच्या दुकानदारासमोरही मी एवढा धास्तावलो नव्हतो. जोरकस जोडी आणि हलका हात... मला वाटलं, आवाज बरा येतोय. पण इथून मला कधी कळलं होतं?

टोकाला जाऊन ती थांबली. चप्पल काढली. ऊन असं होतं की एक पाय उचलून तिनं दुसऱ्यावर ठेवला, मग दोन्ही खाली टेकवले. डोळे मिटले. सुमनबाई गात होत्या. प्रज्ञा थोडी डावीकडे सरकली, नेमकी तिथंच, जिथं ते सरकायचे. गाणं एका कडव्यावरून दुसऱ्यावर गेलं. ती वाजवतच होती. मला ओरडून विचारावंसं वाटलं, काय ते सांग! पण हातातली केबल सैल पडू न देता बसून राहिलो.

मग ती खाली वाकली आणि तिनं पायात चप्पल घातली.

सुमनबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि केबल गुंडाळायला लागलो.