सेकंदाला पंधरा चित्रं

फोर-के. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ही अक्षरं सोनेरी रंगात, तळहाताएवढी मोठी छापलेली आहेत. तो खोका दिसला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्याच बुडाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक आकडा होता. तो मी वाचला नाही. आणि माझी नोकरी काय होती? वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरून दुसऱ्यांच्या चुका काढायची.

माझी आई जन्मापासून बहिरी. तिचं बोलणं सगळं हातांचं, तेही शाळेत शिकलेलं नाही. लासूर स्टेशनला माहेरी तिनं स्वतःच जुळवलेलं, लग्नानंतर वडील शिकले, मग मी. माणसांना तिनं हातांनीच नावं दिलेली. वडील म्हणजे कपाळावरची टोपी मागे सारायची. मी म्हणजे कानाची पाळी ओढायची. दूधवाल्याचं नाव त्याच्यासमोर करता येत नाही.

माझ्या आधी एक बहीण झाली होती. आठव्या दिवशी गेली. बारसं व्हायचंच होतं, त्यामुळे तिला नाव नाही, असं घरात सगळे म्हणायचे. वडिलांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं, "तसं नाय रे. तुझ्या आईनं पहिल्याच दिवशी तिला नाव दिलं व्हतं, हातानं. मला एकदाच दावलं. मी इसरलो."

मरायला टेकलेल्या माणसावर चिडू नये. मी चिडलो. पोरीचं नाव कुणी विसरतं का, म्हणून खूप बोललो त्यांना.

मग आईच्या मागे लागलो. दोन वर्षं ती नुसती तोंड फिरवायची. एका दुपारी तिनंच हाताला धरून बसवलं आणि सांगितलं: सगळं सांगते, पण एकदाच. ते एकदाच सांगणं मला धरून ठेवायचं होतं. म्हणून क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून हा कॅमेरा आणला. दुकानदाराला मी एकच गोष्ट विचारली, आईचं चित्र किती स्वच्छ येईल? तो म्हणाला, "साब, फोर-के है. अम्मा के चेहरे की एक एक लकीर गिन लो." तो खोटं बोलला असता तर निदान त्याची गचांडी धरता आली असती. तो खोटं बोललाच नाही.

कॅमेऱ्यात दोन पर्याय होते. फोर-के, त्याच्यासमोर पंधरा. हजार ऐंशी, त्याच्यासमोर पन्नास. मी ऐटीत फोर-के निवडलं. हे पंधरा आणि पन्नास कशाचे, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी, आतल्या खोलीत आईला खाटेवर बसवलं. रस्त्यावरची पोरं डोकावतात म्हणून खिडकी लावून घेतली. वर एक जुनी ट्यूबलाइट. आई वीसेक मिनिटं सांगत होती आणि मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात तिला नीट मधोमध धरत होतो. संपल्यावर ती पदरानं तोंड पुसून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, झालं, आता कुठं जातंय. सावकाश बघू.

दोन महिन्यांनी तिला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी ते चित्रण पहिल्यांदा टीव्हीवर मोठं करून लावलं.

चेहरा काय आला होता! हनुवटीवरचं गोंदण, पापणीचा केस न् केस. आणि हात? ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशी बोटं पुसलेली. मी एकेक चित्र थांबवून बघितलं. एका चित्रात हात छातीशी, पुढच्यात मांडीवर, मधे नुसता पांढुरका फराटा. माझ्या बहिणीचं नाव त्या फराट्यात होतं.

आमच्या गल्लीत लग्नाचं शूटिंग करणारा एक जण आहे, त्याला दाखवलं. त्यानं शांतपणे समजावलं. "काका, फोर-के म्हंजी एका चित्रात ठिपके किती. हलणारी वस्तू असली तर सेकंदाला चित्रं किती, ते बघावं लागतंय. तुमची पंधराच. त्यात उजेड नाय, म्हणून कॅमेऱ्यानं एकेक चित्र लई वेळ उघडं ठेवलं, तेवढ्यात हात इकडचा तिकडं. खिडकी उघडून पन्नासवर घेतलं असतं तर बोट न् बोट दिसलं असतं." मी त्याच्यावरच ओरडलो. तो बिचारा चहा टाकून उठला.

आईला म्हटलं, पुन्हा दाखव. तिनं डावा हात छातीशी आणला, दोन बोटं वाकवली आणि थांबली. नाव दोन हातांचं होतं. मी तिचा उजवा हात उचलून डाव्याजवळ नेला आणि त्याची बोटं वाकवत सुटलो, अशी का? का अशी? तिनं मला झटकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिनं ते कधीच काढलं नाही.

ते चित्रण मी नेहमी आवाज बंद ठेवूनच बघायचो. आईच्या बोलण्याला आवाज कसला? परवा बायकोनं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. पंख्याची घरघर आली, आईच्या बांगड्या आल्या. मग त्या फराट्याच्या जरासं आधी खाटेवर थापा मारल्याचा आवाज. एकदा. दोनदा. मग जोरात तिसऱ्यांदा. माझ्याकडे बघ म्हणायची आईची तीच रीत. तिला माझे डोळे हवे होते. आणि त्यावर माझा आवाज, पडद्यात मान घालून बसलेल्या माझा, अगदी लख्ख ऐकू येतो.

"हं, हं. बोल ना. ऐकतोय मी."