जनरलचा सत्त्याऐंशी नंबर

नेदरलँड्समधल्या डीमन गावात तिसऱ्या मजल्यावर राहणारी नीलांबरी लॉकडाऊनमध्ये एका अमेरिकन जनरलच्या नादी लागली. घाबरू नका, जनरल वारून सव्वाशे वर्षं झाली होती. टिलबरी त्याचं नाव. त्याने पाठवलेल्या सरकारी पत्रांच्या नकला उतरवलेल्या वह्या एका अमेरिकन लायब्ररीने इंटरनेटवर टाकल्या होत्या आणि जगभरच्या घरी अडकलेल्यांना विनवलं होतं, बाबांनो, एवढं वाचून टाइप करून द्या.

बाकीच्यांना ते अक्षर लागेना. नीलांबरीला लागलं. लग्नाआधी पुण्यात पाटबंधारे खात्यात नऊ वर्षं आवक-जावक सांभाळलेली बाई ती. साहेबांचे शेरे वाचून डोळे तयार झालेले. आणि माणूसही ओळखीचाच निघाला. ब्लँकेटं आली नाहीत, खेचरं मेली, चूक दुसऱ्याची.

"अगदी आमचे साहेब," ती म्हणायची. "खेचरांच्या जागी जीप, एवढाच फरक."

नवरा आशुतोष जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून कंपनी चालवायचा, म्हणजे त्याला तसं वाटायचं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा.

"काय म्हणतो तुझा जनरल?"

"होड्या मागतोय."

"आणि मी मघापासून चहा मागतोय."

मग लायब्ररीला तपासनीस हवा झाला. घरबसल्या काम, रीतसर नेमणूक. नीलांबरीने गुपचूप अर्ज केला. या देशात पाच वर्षं झाली, पण गेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, असो की घरमालकाचं, प्रत्येक पाकीट आशुतोषच्या नावाने. ही आपली आतल्या कागदावर, 'पार्टनर' लिहिलेल्या रकान्यात. एक पाकीट आपल्या नावाने यावं, एवढंच तिला हवं होतं.

परीक्षेसाठी आलं पत्र नंबर सत्त्याऐंशी. तीन मार्चचं. जनरल म्हणतो, नदीला पूर येईल, होड्या पाठवा. जूनमध्ये पूर आला, चाळीस शिपाई बुडाले, आणि याच पत्रावर जनरल निर्दोष सुटला.

नीलांबरीने पान मोठं करून पाहिलं. शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी ऐसपैस बसलेले. मध्ये हा सत्त्याऐंशी अंग चोरून, बारीक अक्षरात. शाई जूनच्या पत्रांची.

"ए, हा नंबर रिकामा सोडलेला होता," ती म्हणाली. "पत्र पुरानंतर घुसवलंय."

"तुला काय माहीत?"

नीलांबरी एकदम चहा ठेवायला उठली. तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. "हे बघ, फक्त शाई वेगळी आहे म्हण. आपली धुणी तिकडे कशाला धुवायची?"

मुलाखत व्हिडिओवर होती. पडद्यावर तीन गोरे चेहरे. मधले प्राध्यापक बारा वर्षं या जनरलचं चरित्र लिहीत होते, त्यामुळे जनरल त्यांना जावयासारखा प्रिय.

"वहीत नक्कल उतरवणारा कारकून एक पत्र विसरला असेल, मग जागा मिळेल तिथे लिहिलं," ते म्हणाले. "रिकामा नंबर मुद्दाम सोडतात, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

नीलांबरीने दाराकडे पाहिलं. दाराआड आशुतोष 'शाई, शाई' असे ओठ हलवत होता.

"मी सोडायचे," ती म्हणाली. "साहेब सांगायचे, जावक वहीत आठवड्याला एक नंबर रिकामा ठेवा. कालवा फुटला की आम्ही आधीच कळवलं होतं असं पत्र त्या जागेवर जायचं."

तिघंही म्यूटवर गेले असं वाटून तिने स्वतःचंच बटण तपासलं.

"असं किती वेळा केलंत?" प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

"मोजलं नाही. मोजलं असतं तर नोकरी झाली नसती."

नेमणुकीचं पाकीट तीन आठवड्यांनी आलं. वर नाव तिचं, स्पेलिंगसुद्धा बरोबर. तिने ते फ्रिजवर लावलं, आशुतोषला दूध काढताना दिसेल असं.

मे महिन्यात आशुतोषचं प्रोजेक्ट झोपलं. त्या दुपारी तो लॅपटॉप घेऊन किचनमध्ये आला, आवाजात साखर घालून.

"नीलू, मार्चच्या मीटिंगच्या नोंदीत एक ओळ घालायची होती. मी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती, अशी. तुझा त्यात हात बसलेला आहे."

नीलांबरीने गॅसवर आधण ठेवलं.

"चहा देते," ती म्हणाली.

"चहा नको गं, ओळ हवीये."

"चहाच मिळेल."