आगटीपाशी वाजलेली कॅसेट

लेकीनं मोबाईलवर अमेरिकन कंट्री गाण्यांचा जुना अल्बम लावला आणि सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मला भाजलेल्या हुरड्याचा वास आला. आई गेली त्या हिवाळ्यात, वळसंगच्या शेतात, हुरड्याच्या आगटीपाशी मी ह्याच गाण्यांची कॅसेट लावली होती. माझे वडील, आबा, कित्येक दिवस कुणाशी बोलले नव्हते. गिटार कण्हत होती, गाणारा गेलेल्या बायकोसाठी हंबरत होता. गरम कणसं चोळता चोळता आबांचे हात हळूहळू ठेक्यात आले.

"लई रडतोय की ह्यो," ते म्हणाले. "पर ताल सोडंना. परत लाव."

असलं गाणं जुनं होत नाही, पैजेवर सांगते.

"किती रडकं आहे गं, आई!" लेक म्हणाली.

"ताल ऐक," मी म्हटलं. "आणि परत लाव."