तापलेलं कडं

माझ्या थोरल्या वहिनी सातवीला विज्ञान शिकवतात. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं आहे ‘अंदाजबाई’. कारण प्रयोग कोणताही असो, काय घडेल याचा अंदाज प्रत्येकाने आधी मोठ्याने सांगायचा, असा त्यांचा दंडक आहे. तो घरीही चालतो. आई वैतागून म्हणते, “या घरात चहा निवला का, हेसुद्धा पैज लावून ठरवायचं!” वहिनी हसतात आणि कप गरम पाण्याने विसळून मगच त्यात चहा ओततात. पूर्वी एकदा थंड काचपात्र थेट ज्योतीवर ठेवल्याने फुटलं होतं. तेव्हापासून काहीही तापवायचं तर आधी हलकं शेकवून घ्यायचं, ही सवय त्यांच्या हातात मुरली आहे.

मागच्या सत्रात एका मुलाचं बोट भाजलं. फोड लहानसा होता, तक्रार मात्र मोठी झाली. प्रयोग बंद करून ते पडद्यावरच दाखवावेत, असं मुख्याध्यापिकांच्या मनात आलं. पण त्या गणिताच्या. पुराव्याशिवाय निकाल देणाऱ्या नव्हेत. “एक तास बघते, मग ठरवते,” म्हणाल्या.

त्याच शाळेत मी भाषा शिकवतो. तो तास मला मोकळा होता, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वहिनींनी लोखंडी गोळा साखळीला धरून जेमतेम त्याच्याच मापाच्या लोखंडी कड्यातून खाली सोडला. तो अलगद पार झाला. मग गोळा ज्योतीवर तापवला. “आता?”

“अडकणार!” सगळा वर्ग एका सुरात.

गोळा पुन्हा अलगद पार झाला.

“अंदाजबाई हरल्या!” मागून कुणीतरी पुटपुटलं आणि हशा पिकला. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वहिनींकडे बघवेना.

वहिनींनी ओल्या बोटाने कड्यावर पाण्याचा थेंब सोडला. चर्र झालं. चूक त्यांच्या ध्यानात आली. गोळा तापत असताना, हाताच्या सवयीने, त्यांनी कडंही शेजारच्या गरम जाळीवर शेकत ठेवलं होतं. चूक लपवणं सोपं होतं; कडं गार करून प्रयोग पुन्हा केला असता तर कुणी विचारलंही नसतं.

“कडंही तापलंय,” त्या म्हणाल्या. “चूक माझीच. पण आता सांगा, कडं तापलं की त्याचं भोक मोठं होतं की लहान?”

“लहान,” हे मुख्याध्यापिकांनीच नकळत म्हटलं. “धातू सगळीकडून फुगणार, म्हणजे आतल्या बाजूलाही. भोक आवळणारच.”

अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. खिडकीपाशी बसलेली एक मुलगी मात्र अडखळत म्हणाली, “पण बाई, मग गोळा आत्ताच अडकायला हवा होता ना?”

“करून बघू. या, मोठ्या बाई, साखळी तुम्ही धरा.”

गोळा नळाखाली गार केला, कडं चिमट्यात धरून ज्योतीवर चांगलं तापवलं. भोक आवळत असेल, तर गोळा आता आत शिरताच कामा नये. मुख्याध्यापिकांनी साखळी हळूहळू खाली सोडली. गोळा कड्याला न शिवता खाली गेला. त्यांनी तो वर ओढून पुन्हा सोडला. मग आणखी एकदा.

“म्हणजे भोकसुद्धा वाढतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “आकृती मोठी करून काढावी, तसं.”

घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. मुख्याध्यापिका कड्याकडे बघतच होत्या. “आणि हे कडं एका जागी कापलेलं असेल, तर तापल्यावर ती फट मिटेल की रुंदावेल?”

“आधी तुमचा अंदाज सांगा,” वहिनी म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

मुख्याध्यापिकांनी बोटाने हवेत फट असलेलं कडं काढून पाहिलं.

“उद्या सांगते. याच तासाला,” त्या दारातून म्हणाल्या. “आणि चिमटे लांब दांड्यांचे मागवा. हे फार आखूड आहेत.”