आणि कधी नाही?

"आणि कधी नाही?" समोरचा काहीही सांगत असो, ताई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या. नौपाड्यात आमच्या ऑफिसखालच्या चहावाल्याने मसाला चहा सुरू केला. "खोकल्यावर एकदम बेस्ट, ताई!" "बरं. आणि कधी प्यायचा नाही?" त्याने मुकाट साधा चहा ओतला. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. सुरुवातीला डोक्यात जातात.

ताई डोंबिवलीच्या. अर्धं आयुष्य मिक्सर-कुकरची माहितीपत्रकं लिहिण्यात गेलेलं. आमच्याकडे त्या एजंटसाठी लिहायच्या. एजंट म्हणजे दवाखान्यांच्या पेशंटना मेसेजवर उत्तरं देणारा संगणकातला मदतनीस. तारीख देणं, बदलणं, रद्द करणं, अशी टूल्स मी बनवून त्याच्या हाताशी ठेवायचे. कुठलं टूल कधी उचलायचं, हे त्याला ताईंनी लिहिलेल्या वर्णनावरून कळायचं.

"अगं, हुशार आहे तो, पण आज सकाळीच घरात आलाय," त्या म्हणायच्या. "नव्या माणसाला डबे दाखवतो ना, तसं लिहायचं. ही साखर, हे मीठ. आणि तो पांढरा डबा कपड्यांच्या सोड्याचा, त्याला भाजीत हात लावायचा नाही."

आणि आमचे सर! "एका ओळीत लिहा हो, मॅडम. एजंटला सगळं कळतं." दवाखानेवाल्यांना स्क्रीन सुटसुटीत दिसावी म्हणून त्यांनी स्वतः बसून ताईंच्या ओळी उडवल्या. 'अपॉइंटमेंट रद्द'खाली ताईंनी लिहिलेलं, 'याने पेशंटच्या पुढच्या सगळ्या तारखा जातात. फक्त एक दिवस नको असेल तर हे वापरू नये, तारीख बदलावी.' सरांनी ठेवलं काय? 'अपॉइंटमेंट रद्द करते.'

लगेचच शीळफाट्याच्या एका डायलिसिसच्या बाईंचा मेसेज आला, 'आज नको, उद्या येते.' एजंटने त्यांच्या सगळ्या तारखा पुसल्या. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्यासोबत रिक्षाने आल्या, तर मशीन दुसऱ्याला दिलेलं. सुजलेले पाय घेऊन बाई संध्याकाळपर्यंत बाकावर. शेवटी सोय झाली, निभावलं. नवरा तणतणत आमच्या ऑफिसात आला. आणि सर, करून सवरून नामानिराळे! ताईंकडे बोट दाखवून म्हणाले, "वर्णनं या मॅडम लिहितात."

ताई उठल्या. त्या माणसासमोर हात जोडले. "चुकलं हो आमचं. वहिनी कशा आहेत आता?" त्याला पाणी दिलं, खाली रिक्षापर्यंत सोडून आल्या.

मी पेटलेले. "तुम्ही का माफी मागितलीत? ओळी सरांनी काढल्या ना?"

"त्याला माफी हवी होती गं, तेव्हा मी दिली. सरांची अजून बाकी आहे." चष्मा कपाळावर गेला. "आणि मी सोडत नाही."

'रद्द'च्या ओळी त्यांनी त्याच दिवशी परत घातल्या. सरांनी घाबरून आणखी एक टूल मागवलं. एजंटला काही अडलं तर त्याने थेट माणसाला फोन करायचा. "माझाच नंबर टाका, क्लायंटला बरं वाटतं." ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, फोन कधी करायचा नाही, ते लिहू ना?"

"एका ओळीत म्हटलं ना, मॅडम!"

ताईंनी लिहिलं, 'काहीही विचारायचं असल्यास सरांना फोन करावा.' आणि राजीनामा दिला. जाताना मला म्हणाल्या, "पेशंटचं यात काही बिघडत नाही. झाला तर एकालाच ताप."

झाला की हो ताप! एजंट आपला आज्ञाधारक. रक्त द्यायच्या आधी केळं चालेल का? सरांना फोन. दवाखान्याची लिफ्ट चालू आहे का? सरांना फोन. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना फोन. टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभे, तर पेशंट विचारतोय, टेंभी नाक्यावरून रिक्षा मिळेल का! त्या प्रकारानंतर सर स्वतः वर्णनांना हात लावायला घाबरायचे, ते काम माझ्याकडे आलेलं. "बघते, सर," म्हणायचे आणि खरंच नुसती बघत बसायचे. मनात उकळ्या फुटत होत्या. त्या बाईंना बाकावर बसवलंत ना? मग भोगा आता.

शेवटी सरांनी माझ्यासमोर स्पीकरवर ताईंना फोन लावला. "मॅडम, ते वर्णन जरा नीट करून द्याल का? म्हणजे, कधी फोन करायचा नाही ते..."

मागे कुकरची शिट्टी झाली. "देते की. आधी शीळफाट्याच्या वहिनींची माफी मागून या."

सर गेले. मीही सोबत गेले, असला तमाशा कोण सोडणार? बाईंना मशीन लावलेलं. सरांनी हात जोडले, "ओळ मी काढलेली. आमच्या मॅडमची चूक नव्हती."

बाई शांतपणे म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळलं. त्या दर आठवड्याला येतात, माझ्याजवळ बसतात. तुम्ही आज आलात."

खरं सांगते, मला तेव्हा हसू आलं नाही. ताईंची आठवण आली.

ताईंनी शब्द पाळला. संध्याकाळी वर्णन पाठवलं. लिफ्टसाठी नाही, केळ्यासाठी नाही, रिक्षासाठी नाही, सगळं नीट लिहिलेलं. आणि शेवटची ओळ, 'पेशंटची माफी मागायची असल्यास हे टूल वापरू नये. सरांनी स्वतः जावे.'

ताईंची खुर्ची रिकामीच आहे. ती ओळ मात्र मी जशीच्या तशी ठेवली आहे. सरांना काढायची असेल तर काढून बघू दे.